पिकअपची एअर बॅग: हवा किती भरायची ते आधी टेपने ठरवा, मग गेजने

हौद्यात टाइल्सची खोकी रचली किंवा मागे ट्रेलर जोडला की पिकअप मागून बसते. नाक वर येतं, स्टिअरिंग हलकं लागतं, हेडलाइटचा झोत समोरच्याच्या डोळ्यांत जातो. महाराष्ट्रात यावरचा नेहमीचा इलाज म्हणजे मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांमध्ये आणखी एक पाटा टाकून घेणं. पण तो पाटा गाडी रिकामी असतानाही तेवढाच कडक राहतो आणि मोकळ्या गाडीत प्रत्येक खड्डा कमरेला कळतो. अमेरिका-कॅनडातले पिकअपवाले म्हणूनच पाट्यांच्या जोडीला चासी आणि अ‍ॅक्सल यांच्यामध्ये रबरी एअर बॅग बसवतात. माल असेल तेव्हा हवा भरायची, नसेल तेव्हा सोडायची. एअर लिफ्ट कंपनीचं लोडलिफ्टर ५००० हे त्यातलं बरंच चालणारं किट. त्यातल्या हवेच्या दाबाची मर्यादा कमीत कमी ५ आणि जास्तीत जास्त १०० पीएसआय (टायरची हवा मोजतात तेच माप).

हवा भरण्याआधी एक गोष्ट पक्की समजून घ्या. बॅगमुळे गाडीची क्षमता एक किलोनेही वाढत नाही. अ‍ॅक्सल, बेअरिंग, टायर, ब्रेक सगळे तेच असतात. ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावर दोन स्टिकर असतात. एकावर गाडीचं एकूण कमाल वजन आणि प्रत्येक अ‍ॅक्सलची मर्यादा दिलेली असते, दुसऱ्यावर माणसं आणि सामान मिळून किती चालेल ते. भरलेली गाडी एकदा वजनकाट्यावर न्या. अमेरिकेत हायवेच्या ट्रक स्टॉपवर कॅट स्केलचे काटे असतात आणि तिथे प्रत्येक अ‍ॅक्सलचं वजन वेगळं मिळतं. मागचा अ‍ॅक्सल मर्यादेबाहेर असेल तर माल उतरवा. हवा भरून गाडी सरळ दिसेल, वजन तेवढंच राहील.

ट्रेलरच्या बाबतीत हिशेब हमखास चुकतो. समजा ट्रेलर २५०० किलोचा आहे आणि त्यातले ३०० किलो टो बॉलवर, म्हणजे ट्रेलर जोडायच्या गाडीमागच्या गोळ्यावर, येतात. बॉल मागच्या अ‍ॅक्सलच्या १.२ मीटर मागे आणि गाडीचा व्हीलबेस (पुढच्या-मागच्या अ‍ॅक्सलमधलं अंतर) ३.७ मीटर असेल, तर तरफेच्या नियमाने मागच्या अ‍ॅक्सलवर ३०० नव्हे, जवळपास ४०० किलो येतात आणि पुढच्या चाकांवरून सुमारे १०० किलो उचलले जातात. बॅग मागची उंची परत देते, पण पुढून गेलेलं वजन पुढे आणत नाही. त्यासाठी वजन वाटून देणारा हिच (ट्रेलरची जोडणी) वेगळा घ्यावा लागतो.

आता मोजमाप. गाडी रिकामी, जमीन सपाट, टायरमध्ये स्टिकरप्रमाणे हवा आणि दोन्ही बॅगमध्ये ५ पीएसआय. चारही चाकांच्या हबच्या मध्यापासून सरळ वर मडगार्डच्या कडेपर्यंत टेप लावा आणि आकडे लिहून ठेवा. मग माल भरा, गाडी थोडी पुढे-मागे हलवून पाटे बसू द्या आणि पुन्हा मोजा. समजा मागे ५८ सेंटिमीटर होते ते ५१ झाले. लगेच ५८ गाठायला जाऊ नका. पिकअप रिकामी असताना मुळातच मागून थोडी उंच असते, ती भरल्यावर काही प्रमाणात बसावी अशीच बनवलेली असते. ५५च्या आसपास थांबा. म्हणजे पाटेही आपल्या वाट्याचं वजन उचलत राहतात आणि बॅग फक्त उरलेलं घेते. पुढची उंचीही तपासा, ती रिकाम्या गाडीपेक्षा सेंटिमीटरभराहून जास्त वर नको.

हवा ५-५ पीएसआयच्या टप्प्याने भरा आणि प्रत्येक टप्प्याला टेप लावा. अंदाजासाठी साधं गणित: बॅगची जोडी १०० पीएसआयला ५००० पौंड पेलते, म्हणजे १ पीएसआयमागे ढोबळमानाने ५० पौंड, साधारण २३ किलो. वरच्या उदाहरणात माल ४५० किलोचा असेल आणि सातपैकी चार सेंटिमीटर परत मिळवायचे असतील, तर बॅगच्या वाट्याला सुमारे २६० किलो येतात. सुरुवातीच्या ५ पीएसआयवर आणखी ११-१२. बॅग उंचावली की तिचा जोर थोडा कमी होतो, म्हणून प्रत्यक्षात २०पर्यंत जावं लागेल. ४०-५० भरूनही गाडी उचलत नसेल तर माल वाटतोय त्यापेक्षा जास्त आहे किंवा बॅग कुठेतरी अडकते आहे. अशा वेळी हवा वाढवत न जाता खाली वाकून पाहा. फुगलेल्या बॅगच्या सर्व बाजूंनी किमान अर्धा इंच मोकळी जागा हवी.

गॅरेजचा मोठा कॉम्प्रेसर इथे घातक. बॅगमध्ये हवा टायरच्या मानाने फारच थोडी मावते, त्यामुळे दोन सेकंदांत काटा मर्यादेपलीकडे जातो. सायकलचा पंप किंवा १२ व्होल्टचा छोटा पंप बरा. गेज लावताना जी फुस्स होते तेवढ्यातही दोन-तीन पीएसआय जातात, म्हणून थोडी जास्त भरून मग मोजा.

डावी-उजवी नळी वेगळी ठेवा. एकाच व्हॉल्व्हला जोडलेल्या दोन बॅगा वळणावर एकमेकींत हवा ढकलतात, बाहेरची बाजू आणखी दबते आणि गाडी जास्त झुकते. वेगळ्या नळ्या असल्या की एका बाजूच्या अवजारपेटीचं वजनही सावरता येतं.

सगळ्यात महाग पडणारी चूक चासीची. पाटे आपलं वजन पुढच्या आणि मागच्या अशा दोन टोकांना चासीवर देतात. भरपूर हवेची बॅग तोच भार अ‍ॅक्सलच्या डोक्यावर एका जागी आणते. मागे जड कॅरव्हान (राहायची सोय असलेला ट्रेलर) आणि हौद्याच्या शेवटच्या टोकाला सामान असेल, तर चासी त्या बिंदूवर वाकते. ऑस्ट्रेलियात डबल कॅब यूट (पिकअपला तिथे यूट म्हणतात) अशा मोडलेल्या पाहायला मिळतात. जड सामान केबिनला टेकून ठेवा.

ब्रेकचंही पाहा. टोयोटा हायलक्सच्या जुन्या मॉडेलांसारख्या अनेक पिकअपमध्ये मागच्या ब्रेकचा जोर ठरवणारा व्हॉल्व्ह चासी आणि अ‍ॅक्सल यांच्यातल्या अंतरावरून भार ओळखतो. बॅगने गाडी पूर्ण उचलली की त्याला गाडी रिकामी वाटते आणि तो मागचा ब्रेक कमी करतो, नेमका माल भरलेला असताना. असा व्हॉल्व्ह असेल तर त्याची दांडी किटच्या सूचनेप्रमाणे लावून घ्या.

माल उतरवला की लगेच हवा ५-१०वर आणा. भरल्या दाबाने रिकामी गाडी पळवली तर मागची चाकं उड्या मारतात आणि बॅग ताणून फाटते. शून्यावरही सोडू नका, दबलेल्या बॅगची घडी चिमटली जाऊन भोक पडतं. चासीखाली जॅक लावून चाकं लटकवायची असतील तर आधी हवा कमी करा, नाहीतर अ‍ॅक्सलचं वजन बॅगवर लोंबतं.

नवीन किट बसवल्यावर हवा भरून २४ तास ठेवा. दोन ते चार पीएसआय उतरले तर चालतं, पाचच्या वर गेले तर साबणाचं पाणी करून प्रत्येक जोडावर लावा. बुडबुडे बहुधा नळीच्या टोकाशी येतात, कारण ती पकडीने चेपून तिरकी कापलेली असते. धारदार ब्लेडने काटकोनात कापून पुन्हा बसवा आणि नळी सायलेन्सरच्या पाइपापासून किमान सहा इंच दूर बांधा. थंडीत हवा आकसते आणि गाडी थोडी बसते. त्यामुळे लांबच्या प्रवासाच्या दिवशी निघायच्या आधी, थंड गाडीवर, पुन्हा एकदा टेप लावा.