मनीची ताटली आणि मुंग्या

कोथरूडला आम्ही तळमजल्यावर राहतो. पावसाळा लागला की आमच्या मांजरीच्या, मनीच्या ताटलीला लाल मुंग्यांची रांग ठरलेली. आधी मुंग्यांचा खडू ओढला. मग कळलं, त्यात पायरेथ्रॉइड नावाचं कीटकनाशक असतं, मांजरांना ते बाधतं. पंजे चाटले की थेट पोटात. लगेच पुसून काढला. हळद टाकली तर फरशी पिवळी झाली, मुंग्या बाजूने गेल्या. शेवटी आईची दुधाच्या पातेल्याची युक्ती: परातीत बोटभर पाणी, मधोमध उलटी वाटी, तिच्यावर ताटली. ताटलीची कड परातीला टेकू द्यायची नाही, नाहीतर तोच पूल! मुंग्यांची वाट साबणाच्या पाण्याने पुसली, म्हणजे वासाची खूण जाते. परातीतलं पाणी रोज बदलते. मनी मात्र आता तेच पिते, तिचं भांडं भरलेलं तसंच.