हातातले बारीक स्नायू घरच्या घरी कसे तपासायचे

हाताची नस कुष्ठरोगानं किंवा आणखी कशानं बिघडली का हे बघायचं असेल, तर पहिले मूठ आवळायला लावून हाताची ताकद बघणं बंद करा. मूठ आवळणारे स्नायू कोपर ते मनगटाच्या मध्ये असतात, तळहातातले बारीक स्नायू पार सुकले तरी माणूस विळा धरतो, डवऱ्याचं रुमणं दाबतो, आणि घरचे म्हणतात हात तर चांगला आहे. तिकडे बाईला कापूस वेचताना तो बोंडातून चिमटीनं ओढता येत नाही, ब्लाउजचं हुक लागत नाही, ते कोणी मोजतच नाही.

उजेडात बसा, दोन्ही हात सोबत तपासा. दुसऱ्याच्या हाताशी तुलना करू नका, ज्याचा त्याचा दुसरा हात हेच माप.

करंगळी: हात चित ठेवून करंगळी बाकी बोटांपासून दूर न्यायची, तुम्ही बुडाशी दाबून आत ढकला. टिकली की ठीक.

कागद: अंगठा आणि पहिल्या, म्हणजे अंगठ्याशेजारच्या, बोटाच्या कडेमध्ये कागद धरायला लावा आणि ओढा. धरून ठेवताना अंगठ्याचं शेवटचं पेर वाकलं तर कोपराच्या आतल्या बाजूनं येणारी नस, अल्नर, कमजोर आहे. हाताच्या पाठीवर अंगठा आणि पहिल्या बोटाच्या मध्ये खड्डा पडला असेल तर तोही त्याच नसेचा.

आता अंगठा, आणि खरी गोची इथंच आहे. हात पाटावर चित, नखं खाली. बाकी बोटं तुमच्या हातानं दाबून धरा. अंगठा सरळ वर, छपराकडे उचलायला सांगा. बाजूला नाही, वर! अंगठा बाजूला फाकवणारा मोठा स्नायू मनगटाच्या वरून येतो, त्याची नस वेगळी, रेडियल, त्यामुळे मधली नस म्हणजे मीडियन बंद पडलेली असली तरी आजी अंगठा झकास फाकवून दाखवते, सून म्हणते झालं, आणि दुखणं तसंच राहते. काही जण अख्खा हातच फिरवतात, तोही चालू देऊ नका. वर उचलला की अंगठ्याच्या बुडाशी पहिल्या बोटाकडे ढकला आणि त्याला अडवायला सांगा.

एवढ्यावर थांबू नका. ढकलताना दुसऱ्या हाताच्या बोटानं अंगठ्याच्या गादीची, म्हणजे तळहातावर अंगठ्याच्या बुडाशी असलेल्या मांसल फुगवट्याची, बाहेरची कड, हाडाला लागून, चाचपा. तिथं मांस टणक झालं पाहिजे. गादीच्या मध्ये किंवा आतल्या बाजूला दाबून बघितलं तर काही कळत नाही, कारण तिथल्या लहान स्नायूला काहींच्या हातात मीडियन नस पुरवते, काहींच्या अल्नर, अनेकांच्या दोन्ही. "गादी भरलेली दिसते म्हणजे नस चांगली" हा सल्ला मला अजिबात पटत नाही.

आणखी एक भानगड आहे. काही लोकांच्या तळहातात या दोन नसा एकमेकींना जोडलेल्या असतात, रिश आणि कान्यू या संशोधकांनी १८९७ मध्ये ते दाखवलं. अशा हातात मीडियन नस बिघडली तरी अंगठा उचलू शकतो. म्हणून डोळे मिटायला लावून अंगठा, पहिलं आणि मधलं बोट यांच्या टोकांना बॉलपेननं हलकं टोचून विचाराच, कारण ती जोडणी हालचालीची असते, स्पर्शाची नाही.

काही गोष्टी बघून उगाच घाबरू नका. एकट्या करंगळीला आत वाकवता न येणं बऱ्याच जणांत असते, तिची कंडरा, म्हणजे स्नायूची दोरी, शेजारच्या बोटाच्या कंडरेशी जुळलेली असते किंवा नसतेच. अंगठ्याचं टोक वाकवताना पहिल्या बोटाचं टोकही वाकणं, हेही जन्मजात. हाताच्या पाठीवर मधल्या बोटाच्या मागे मऊ फुगवटा असेल आणि बोटं ताठ केल्यावर तो टणक होत असेल तर तो कधी कधी जास्तीचा स्नायू असतो, गाठ समजून कापायला निघू नका, आधी डॉक्टरला हलवून दाखवा. असे फरक लहानपणापासून असतात आणि वाढत नाहीत.

पण मागच्या काही महिन्यांत ताकद कमी झाली, चट्टा आला, त्या चट्ट्यावर कळत नाही, कोपराच्या आतली नस जाड लागते, तर कुष्ठरोग असू शकतो, वाट बघू नका. वर्ध्याजवळ दत्तपूरला १९३६ पासून कुष्ठरोग्यांसाठी काम चालू आहे, अमरावतीचं तपोवन आहे, वरोऱ्याचं आनंदवन आहे, आपल्या भागात या आजारानं बोटं वाकडी झालेली माणसं सगळ्यांनी बघितली आहेत. कुष्ठरोगावरच्या एमडीटीच्या गोळ्या सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात, पण नसेची ताकद गेल्यापासून सहा महिन्यांच्या आत स्टिरॉइड सुरू झालं तर ती परत यायची आशा जास्त असते, नंतर ती खूप कमी होते. आरोग्य केंद्रात गेल्यावर नुसतं "हात दुखते" म्हणू नका, दुखीच्या गोळ्या देऊन पाठवतात. "अंगठा वर उचलत नाही, केव्हापासून ते सांगतो, नसा तपासा" असं सांगा.