‘ॲट्रियम’ आणि ‘अलिंद’ : घरातली आणि हृदयातली संज्ञा कशी समजून घ्यावी

वास्तुशास्त्र आणि शरीररचनाशास्त्र या दोन्हींत येणारी ‘ॲट्रियम’ ही संज्ञा नीट समजून घ्यायची असेल, तर सुरुवात इमारतीपासून करावी, कारण शरीररचनाशास्त्राने ती तिथूनच उचलली आहे. इंदूरकरांना त्यासाठी फार लांब जायला नको. राजवाड्याच्या दरवाजातून आत शिरून चौकात उभे राहावे आणि वरचे मोकळे आकाश व भोवतालचे मजले पाहावेत. रोमन घरातले ॲट्रियम याच जातीचे होते : छताला मधोमध मोकळी जागा, तिच्याखाली पावसाचे पाणी झेलणारे उथळ कुंड आणि सभोवार खोल्या. इ.स.पू. पहिल्या शतकातील रोमन वास्तुविशारद विट्रुव्हियसने छताच्या रचनेवरून त्याचे पाच प्रकार सांगितले आहेत.

व्युत्पत्तीकडे मात्र जरा सावधपणे पाहावे. चुलीच्या धुराने भिंती काळवंडत, म्हणून ‘काळा’ या अर्थाच्या ‘आटेर’ या लॅटिन शब्दावरून हे नाव पडले, असे एक मत आहे. रोमन विद्वान व्हॅरो मात्र ते आट्रिया या गावच्या एट्रुस्कन, म्हणजे इटलीतल्या एका प्राचीन समाजाच्या, लोकांशी जोडतो. दोन्ही मते जुनी आहेत, पण सिद्ध एकही नाही.

यानंतर हृदयाची आकृती समोर घ्यावी. शरीरातून परतणारे रक्त उजव्या ॲट्रियममध्ये आणि फुप्फुसांतून येणारे डाव्या ॲट्रियममध्ये आधी उतरते, मग झडपांतून खालच्या कप्प्यांत जाते. या वरच्या कप्प्याला आपण ‘अलिंद’ म्हणतो आणि खालच्याला ‘निलय’, म्हणजे घर. अमरकोशात अलिंदाचा अर्थ दाराबाहेरचा कोठा, म्हणजे आपली ओसरी, असा दिला आहे. रोमन ॲट्रियम घराच्या पोटात असते, अलिंद दाराच्या अलीकडे. आणि हृदयात तर दोन कप्प्यांच्या मध्ये झडपेचे दारच असल्याने, माझ्या मते संस्कृत शब्द तिथे लॅटिनपेक्षा अधिक चपखल बसतो.

जुनी पुस्तके वाचताना एक गोष्ट तपासावी. त्यांत या संपूर्ण कप्प्याला ‘ऑरिकल’, म्हणजे ‘छोटा कान’, असे म्हटलेले आढळते, आणि मराठीतला ‘कर्णिका’ हा शब्दही त्याच वळणाचा आहे. आज शरीररचनाशास्त्रात ‘ऑरिकल’ म्हणजे अलिंदाला जोडलेली कानाच्या आकाराची पिशवी तेवढी, म्हणून जुन्या आकृतीतले नाव नव्या आकृतीवर तसेच लिहू नये.