अल्फा हेलिक्स नीट बघायचा असेल तर रिबनवर थांबू नका

प्रोजेक्टात मायोग्लोबिनचं (स्नायूंत ऑक्सिजन धरून ठेवणारं प्रोटीन) लाल रिबन काढून स्क्रीनशॉट चिकटवला की झालं, असं आपल्या गोव्यातल्या बऱ्याच बीएस्सीवाल्यांना वाटतं. पण अल्फा हेलिक्स म्हणजे प्रोटीनच्या साखळीचा स्प्रिंगसारखा वेढा, आणि रिबन हे त्याचं सॉफ्टवेअरने काढलेलं चित्र आहे हो, बॉण्ड त्यात दिसतच नाहीत.

पायमॉलचं (प्रोटीनची रचना दाखवणारं सॉफ्टवेअर) ओपन-सोर्स व्हर्जन फुकट मिळतं, ते टाका. मायोग्लोबिन घ्या, कारण त्यात बीटा शीट (साखळीचे शेजारी-शेजारी पसरलेले पट्टे) नाहीतच, ए ते एच असे आठ हेलिक्स, बास. (बांगड्याच्या कातडीलगतचा काळपट लाल भाग असतो ना, तो रंग मुख्यतः याचाच. आपण घेतोय ते स्ट्रक्चर मात्र स्पर्म व्हेलचं.)

कमांड इंग्रजीत टाइप करायच्या, मी उच्चार लिहितोय. आधी 'फेच १एमबीओ' (हा या स्ट्रक्चरचा कोड), फाइल एकदा उतरली की फोल्डरमध्ये राहते, मग पावसात नेट गेलं तरी काम चालू. 'हाइड एव्हरीथिंग', 'शो कार्टून', 'कलर रेड, एसएस एच'. इथपर्यंत सगळेच येतात.

आता एच हेलिक्स एकटा धरा: 'सिलेक्ट कणा, रेसी १२५-१४८ अँड नेम एन+सीए+सी+ओ', म्हणजे या रेसिड्यूंचा (साखळीतली एकेक अमिनो आम्लं) फक्त मधला कणा, साइड चेन (बाजूच्या फांद्या) सोडून. कार्टून लपवा, 'शो स्टिक्स, कणा'. उजवीकडे कणाच्या ए मेनूत फाइंड, पोलर कॉन्टॅक्ट्स, विदिन सिलेक्शन. तुटक रेषा दिसतील, हे हायड्रोजन बॉण्ड, त्यातली एक पकडून मोजाच: एका रेसिड्यूचा सीओ आणि चार रेसिड्यू पुढचा एनएच. पॉलिंग, कोरी आणि ब्रॅन्सन यांनी १९५१ मध्ये मांडलेला हेलिक्स तो हाच, एका वेढ्यात ३.६ रेसिड्यू, वेढ्याची उंची ५.४ अँगस्ट्रॉम. उजव्या हाताचा अंगठा अक्षाच्या दिशेने धरा, बोटं वळतात तसा फिरत फिरत कणा अंगठ्याकडे सरकतो, कुठल्याही टोकाकडून बघा.

मग 'ओरिएंट कणा' आणि 'टर्न वाय, ९०', म्हणजे हेलिक्स टोकाकडून दिसतो. रिबनमध्ये मधे भोक वाटतं पण 'शो स्फीअर्स, कणा' केलं की ते भरून जातं, आत पाणी शिरायलाही जागा नाही. स्फीअर्स लपवून साइड चेन दाखवा, सगळ्या बाहेर तोंड करून, दर रेसिड्यूला साधारण १०० अंशांनी वळत. ल्युसीन, आयसोल्युसीन, व्हॅलीन, फेनिलअॅलनीन, मेथिओनीन पिवळे करा, पिवळं बरंचसं एकाच बाजूला येतं. ती बाजू प्रोटीनच्या आत वळलेली असते, हे मला सगळ्यात आवडतं.

शेवटी पूर्ण साखळीत प्रोलीन शोधा, चारच आहेत. हेलिक्सच्या सुरुवातीला नाहीतर वळणावर सापडतील, कारण त्याच्या नायट्रोजनवर हायड्रोजन नसल्यामुळे मागच्या सीओला धरायला त्याच्याकडे काही उरतच नाही.