येळ्ळूरचं येल्लूर होऊ नये म्हणून: एकाच मोबाईलवर मराठी आणि कन्नड

रोमन अक्षरांतून मराठी टाईप करणं सोपं वाटतं, पण घोळही तिथेच होतो. रोमनमध्ये ल-ळ ला एकच अक्षर, न-ण लाही एकच. कळफलक अंदाजानं लिहितो. 'बाजार' बरोबर येईल. येळ्ळूर, कंग्राळी, कडोली ही बेळगावजवळची गावं लिहिताना मात्र वरची सूचनांची पट्टी बघितल्याशिवाय स्पेस दाबू नका.

जीबोर्ड या गूगलच्या कळफलकात मराठी जोडताना देवनागरी, रोमनमधून मराठी आणि हस्तलेखन असे प्रकार निवडता येतात. तिन्ही घ्या, शिवाय कन्नड. स्पेस दाबून धरली की भाषा बदलता येते.

गावांच्या नावांना देवनागरीच बरी. येळ्ळूर म्हणजे सात चाव्या: य, एक मात्रा, ळ, हलन्त (पाय मोडायची खूण), ळ, दीर्घ उकार, र. हलन्त द्यायचा राहिला की 'येळळूर' होतं. मधलीच चूक असेल तर सगळं खोडू नका. स्पेसवर बोट आडवं सरकवलं की कर्सर हलतो.

र चा घोळ वेगळा. साधा र, हलन्त, य दिलात तर 'दर्या', म्हणजे समुद्र. डोंगरातल्या 'दऱ्या' हव्या असतील तर नुक्तावाला (खाली टिंब असलेला) ऱ घ्या, मग हलन्त आणि य. 'शेतकऱ्यांना' अर्जात चुकतं ते इथेच.

लांब मजकूर बोलून लिहा. गूगलनं २०१७ मध्ये मराठी आणि कन्नड, दोन्हींना आवाजी टायपिंग दिलं. कन्नड कळफलकावर माईक दाबून मराठी बोललात तर कन्नड लिपीत भलतंच उमटतं, म्हणून आधी कळफलक बघा. आपल्या बोलण्यात मराठीत कन्नड मिसळतंच. तेवढे शब्द आणि आडनावं हातानं घाला.

कन्नडमध्ये पत्ता लिहिताना मराठी कान फसवतो. तिथे ए आणि ओ ऱ्हस्व-दीर्घ वेगळे: 'बेळगावि'तला बे ऱ्हस्व, शेवटचा वि पण ऱ्हस्व. निपाणीत तर प जोड लागतो.

रोजचा पत्ता जीबोर्डच्या सेटिंगमधल्या पर्सनल डिक्शनरीत टाका: शब्दाच्या जागी 'मु. पो. येळ्ळूर, ता. जि. बेळगाव', शॉर्टकट 'येप'. मग दोन अक्षरं टाईप केली की पत्ता पट्टीत येतो. पिनकोड आणि मोबाईल नंबर मात्र इंग्रजी अंकांत द्या. कित्येक ऑनलाइन फॉर्म देवनागरी अंक घेतच नाहीत.