आजारपणाचे खाडे: हजेरीपट नीट कसा वाचावा

आजारपणात एकूण किती दिवस बुडाले, एवढ्यावरून कारखान्यात नेमकं काय दुखतंय ते कळत नाही. हजेरीपटातून दोन आकडे वेगळे काढा: आजारपणाच्या खेपा किती आणि दिवस किती. सलग चार दिवसांची रजा ही एकच खेप. 200 कामगार आणि महिन्याचे 25 कामाचे दिवस म्हणजे 5000 मनुष्यदिवस. त्यातले 150 आजारपणात गेले तर प्रमाण 3 टक्के. घोळ होतो तो साप्ताहिक सुटीत. बुडालेल्या दिवसांत सुटी धरली आणि एकूण दिवसांत धरली नाही, की टक्केवारी उगाच फुगते. रजा महिना ओलांडत असेल तर खेप सुरुवातीच्या महिन्यात धरा, दिवस ज्या त्या महिन्यात. कंत्राटी कामगार वगळू नका. अंगमेहनतीचं काम बरेचदा त्यांच्याच वाट्याला असतं.

खेपा भरपूर पण दिवस थोडे असतील तर साथीचे आजार, थकवा, पाळ्यांची अदलाबदल तपासा. खेपा मोजक्या आणि रजा लांबलचक असेल तर आधी कंबर, खांदे, गुडघे आणि अपघात बघा. ब्रॅडफर्ड गुणांक (एकेका कामगाराच्या खाड्यांना गुण देण्याची पद्धत: खेपांचा वर्ग गुणिले दिवस) वापरायचा तर जपून. एकेक दिवसाचे दहा खाडे झाले की 1000 गुण होतात, सलग दहा दिवसांच्या रजेचे फक्त 10. त्यावरून मेमो निघू लागले की माणसं तापातही मशीनवर उभी राहतात, आणि तेच जास्त धोक्याचं.

आकडे विभाग, पाळी, कामाचा प्रकार आणि वयानुसार फोडा. 12 जणांच्या विभागात एकाचं हाड मोडून महिना गेला तरी प्रमाण 8 टक्क्यांवर जातं, म्हणून छोट्या विभागाचं वर्षभराचं एकत्र बघा. उलट, ओझी उचलण्याच्या विभागात खाडे कमी दिसले म्हणून निर्धास्त होऊ नका. ज्यांची कंबर गेली ते हलक्या कामावर गेलेले असतात किंवा नोकरी सोडून गेलेले. बदल्या आणि राजीनामे त्याच तक्त्यात मांडा.

मग कामगारांची आरोग्य तपासणी. रक्तदाब मोजण्याआधी अर्धा तास चहा-तंबाखू नको. पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून पाच मिनिटं शांत बसवा, दंड हृदयाच्या पातळीवर टेकवा. जाड दंडाला लहान पट्टा बांधला की आकडा चढाच येतो. एक-दोन मिनिटांच्या अंतराने दोनदा मोजा. 140/90 किंवा जास्त आला तर दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजा. श्रवणचाचणी पाळी सुटल्यावर घेऊ नका. आवाजाने कान तात्पुरते बधिर झालेले असतात, निदान 14 तास शांततेत जाऊ द्या. तंबाखू, झोप आणि मधुमेहाची विचारपूस करा, पण ती नोंद डॉक्टरांकडेच राहू द्या. सुपरवायझरच्या हाती फक्त विभागाचे आकडे द्यावेत, नाहीतर पुढच्या वेळी कुणी खरं सांगणार नाही.

कामाच्या जागेवर आठ तासांचा सरासरी आवाज 85 डेसिबलच्या वर आहे का, ओझं जमिनीवरून वाकून किंवा अंग पिळून उचलावं लागतं का, हे बघा. ओझं कंबरेच्या उंचीवर आणणारं स्टँड कंबरपट्ट्यापेक्षा जास्त कामाचं. बदल केल्यावर लगेच निष्कर्ष काढू नका. ऋतूनुसार आजारपण बदलतं, म्हणून आदल्या वर्षीच्या त्याच महिन्यांशी तुलना करा.