ऑर्डर थांबवायची कशी? नव्या सिस्टर आणि ब्रदरसाठी, वॉर्डातून

नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला एक प्रश्न हमखास येतो: नर्सिंगला पेशा का म्हणावं, वैशिष्ट्यं लिहा, गुण पाच. स्वतःची ज्ञानशाखा, प्रशिक्षण, नोंदणी, आचारसंहिता, निर्णयाचं स्वातंत्र्य असं आपण सगळ्यांनी घोकलं. पेपर झाला, वही रद्दीत गेली. मग वॉर्डात पहिल्याच दिवशी ‘ओ सिस्टर, सलाईन संपलंय’ अशी हाक आली आणि त्यातलं एकही वैशिष्ट्य आठवलं नाही.

माझी पुण्यात या कामात २६ वर्षं झाली. सरकारी पाहिलं, खासगी पाहिलं. धनकवडीहून नाईटला येताना अजूनही पीएमटीच्या बसनेच येते (पीएमपीएमएल म्हणायला जीभ वळत नाही). वडील म्हणायचे, ‘नोकरी आहे ना, मग सांगतील तेवढं करायचं आणि घरी यायचं.’ बरीच वर्षं मीही तेच केलं. मराठीत तर आणखी घोळ आहे, ‘व्यवसाय’ म्हटलं की किराणा दुकानही त्यात आणि वकिलीही. माझी परीक्षा सोपी आहे. डॉक्टरांकडून लिहून आलेली ऑर्डर किंवा हातात आलेलं औषध खटकलं, तर तुम्ही काय करता? ते पाच गुण तिथे मिळतात.

मला ते मिळाले नव्हते. तेव्हा मी एका खासगी हॉस्पिटलात होते, नोकरीला तीन वर्षं झालेली. पुरंदरकडचे एक आजोबा, अंजिराची बाग असलेले, शुगरसाठी ॲडमिट. रात्रीच्या जेवणाआधी इन्शुलिन १६ युनिट. वॉर्डातला साठा संपला होता म्हणून मुलाने बाहेरच्या मेडिकलमधून बाटली आणून दिली. मी ट्रॉलीवरची लाल टोपणाची सिरिंज घेतली, १६ च्या रेघेपर्यंत भरली, दिलं, सही केली. दहाच्या सुमारास आजोबांचा सदरा घामाने चिंब, हात थरथरतायत, बोलणं अडखळतंय. शुगर पार ४२ वर उतरलेली.

बाटली दर मिलीला १०० युनिटची होती आणि सिरिंज ४० ची. लाल टोपण म्हणजे ४०, केशरी टोपण म्हणजे १००. लाल सिरिंजवर १६ ची रेघ म्हणजे ०.४ मिली, आणि १०० च्या बाटलीतलं ०.४ मिली म्हणजे ४० युनिट. अडीच पट. शिरेतून डेक्स्ट्रोज गेल्यावर आजोबा सावरले, पहाटे चहा मागितला. पण इन्चार्जबाई मला बाजूला घेऊन म्हणाल्या, ‘पेशंट बरा आहे ना? मग कशाला लिहितेस?’ माझ्या हातात पेन होतं आणि मी दहा मिनिटं काहीच लिहिलं नाही. त्या दहा मिनिटांची मला आजही लाज वाटते. मग लिहिलं: वेळ, बाटलीची ताकद, सिरिंजचा प्रकार, दिलेला डोस, शुगर, कुणाला कळवलं. बोलणी खाल्ली. पण पुढच्या महिन्यात त्या वॉर्डात दोन रंगांच्या सिरिंजना दोन वेगळे डबे आले. न लिहिता ते आले नसते.

आता कामाचं.

पहिलं म्हणजे, औषध हातात घेतल्यावर ऑर्डरआधी बाटली वाचा. नाव, ताकद, मुदत. मग सिरिंज. मग पेशंटच्या हातावरचा पट्टा, आणि त्यालाच नाव विचारा. ‘तुम्ही शिंदेच ना?’ असं विचारू नका. झोपेतला माणूस कशालाही हो म्हणतो. ‘आजोबा, नाव काय तुमचं?’ असं विचारा. बाहेरून आणलेल्या औषधाला हे दुप्पट लागू. पोटॅशियम क्लोराइडची अँप्युल दुसऱ्या सिस्टरला दाखवल्याशिवाय फोडायची नाही आणि थेट शिरेत कधीच द्यायची नाही, ते सलाईनमध्ये मिसळून सावकाशच जातं. थेट दिलं तर हृदय थांबतं. सिनिअर असलात तरी दुसऱ्याला दाखवायचं. सिनिअर असलात तर जास्तच, कारण तुम्हाला कुणी विचारणार नसतं.

दुसरं, थांबायचं कसं. नव्या मुली दोनच गोष्टी करतात. गप्प देऊन टाकतात, नाहीतर ‘सर, हे बरोबर आहे का?’ असं पुटपुटतात. पहाटे तीनला झोपेतून उठलेला रेसिडेंट डॉक्टर दुसऱ्या प्रश्नाला ‘हो, द्या’ म्हणणारच. समजा सकाळी सहाचा डिगॉक्सिनचा डोस आहे, हे हृदयाचं औषध, ठोके मंद करणारं. आधी छातीवर स्टेथो लावून पूर्ण एक मिनिट ठोके मोजा, पंधरा सेकंद मोजून चारने गुणू नका. ५२ आले तर फोनवर असं बोला:

‘सर, मेडिसिन वॉर्डातून बोलतेय, १४ नंबर, डिगॉक्सिनवरच्या आजी. आत्ता ठोके ५२, पूर्ण मिनिट मोजलेत, काल याच वेळी ७४ होते. रात्री एकदा उलटी झाली, जेवण नको म्हणतात. मला डिगॉक्सिन जास्त होत असल्याची शंका येतेय. डोस मी थांबवलाय. ईसीजी काढून ठेवते, तुम्ही येऊन बघा आणि पोटॅशियमच्या तपासणीला रक्त पाठवायचं का ते सांगा.’

कोण, काय दिसलं, मला काय वाटतं, मला काय हवं, या क्रमाने. ‘मला वाटतं’ म्हणायला घाबरू नका. ६० च्या खाली डिगॉक्सिन थांबवून कळवायचं हे आपल्याच पुस्तकात आहे, डॉक्टरांच्या मेहेरबानीचा प्रश्न नाही. दहा वेळा फोन केलात आणि आठ वेळा काही निघालं नाही, तरी चालतं. कुणी ओरडलं तर पुन्हा तेच वाक्य, त्याच आवाजात. तरी नाही ऐकलं तर नाईट सुपरव्हायझरला सांगा आणि सांगितल्याची वेळ लिहा. फोनवरची ऑर्डर असेल तर ऐकलेलं मोठ्याने वाचून दाखवा, लिहा, आणि डॉक्टर आले की त्याखाली सही घ्या. चहा पिऊन निघून जाऊ देऊ नका.

तिसरं, लेखणी. ‘पेशंट बरा, झोप लागली’ ही नोंद मी रोज वाचते आणि रोज चिडते. बरा म्हणजे काय? ‘०६:००. ठोके ५२, बीपी ११०/७०, शुद्धीवर, उलटी एकदा. डिगॉक्सिन दिलं नाही. ड्युटी डॉक्टरांना ०६:०५ ला कळवलं, ०६:२५ ला पाहून गेले.’ एवढं पुरे. चूक झाली तर एक आडवी रेघ, वर सही आणि वेळ, खालचं वाचता आलं पाहिजे. व्हाइटनर लावलेला कागद बघणाऱ्याला काहीतरी लपवलंय असंच वाटतं. आणि औषध दिल्याशिवाय सही नाही. सकाळी ओव्हर द्यायच्या, म्हणजे पुढच्या पाळीला वॉर्ड सोपवायच्या घाईत सगळ्या चौकटी एकदम भरायची सवय मी फार बघितलीय, माझीही होती.

चौथं, जिथे ऑर्डरच लागत नाही तिथे वाट बघू नका. अंथरुणाला खिळलेल्या पेशंटची कूस दोन तासांनी बदलायची, माकडहाडाची आणि टाचांची कातडी बघायची, लाल जागा बोटाने दाबून पांढरी होते का ते पाहायचं. दाबूनही लालच राहिली तर जखम सुरू झाली असं समजा आणि ती जागा चोळू नका. हे कुणी लिहून देणार नाही. हे आपलं शास्त्र आहे. वॉर्डातल्या मदतनीस मावशी आणि मामा हाताशी येतात, पण कातडी बघायची नजर आपली.

‘सेवा’ या शब्दाबद्दल थोडं, कारण पुण्यात तो फार ऐकू येतो. १८९७ च्या प्लेगात सावित्रीबाई फुले रुग्णांची शुश्रूषा करता करता गेल्या. १९०९ मध्ये रमाबाई रानड्यांनी इथे सेवासदन उभं केलं आणि चांगल्या घरातल्या बायका नर्सिंगला जायला कचरायच्या त्या काळात त्यांना या शिक्षणाकडे वळवलं. हा वारसा मोठा आहे. पण आजकाल हाच शब्द डबल ड्युटी गळ्यात मारायला वापरतात. १२ मे ला, परिचारिका दिनी, गुलाब आणि केक, १३ मे ला ३८ पेशंटवर एक सिस्टर. गुलाब घ्या, आणि त्याच दिवशी पेशंटची संख्या आणि हजर स्टाफ रिपोर्ट बुकात लिहून सुपरव्हायझरची सही घ्या. तक्रारीच्या वेळी तोच कागद उपयोगी पडतो.

नोंदणीचं थोडक्यात. महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलचा नंबर आहे म्हणून तुमच्या सहीला वजन आहे. त्यामागे १९६६ चा महाराष्ट्र परिचारिका कायदा आहे, आणि देशपातळीवर १९४७ च्या भारतीय नर्सिंग कौन्सिल कायद्याची जागा घेणारा राष्ट्रीय नर्सिंग आणि मिडवाइफरी आयोगाचा कायदा २०२३ मध्ये संसदेत मंजूर झाला. नूतनीकरण दर पाच वर्षांनी, त्यासाठी प्रशिक्षणाचे क्रेडिट लागतात. शेवटच्या महिन्यात प्रमाणपत्रं शोधत फिरू नका, एका फाइलमध्ये लावत जा. हॉस्पिटल बदलतं, नंबर तुमच्यासोबत येतो. म्हणून ‘तू फक्त सही कर, बाकी मी बघतो’ असं कुणी म्हणालं, तर नंबर कुणाचा जाणार ते आधी आठवा.

आणि आज नाईटला गेलात की ओव्हर घ्यायच्या आधी ट्रॉलीचा ड्रॉवर उघडा. लाल आणि केशरी टोपणं एकत्र दिसली तर आधी ती वेगळी करा, मग पहिल्या बेडकडे जा.